कोतवालाच्या वहीतली मुलगी

आमच्या प्रेमिलाचा बाप फाल्गुनात पाच दिवसांच्या तापानं गेला आणि त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. तक्रार म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगते. तेरवीपर्यंत बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या, आता रडेल, मग रडेल. मी रडले नाही. तेरवी झाल्यावर उठले, भांडी घासली, बैलांना पाणी दाखवलं. माझी नणंद जमुनाबाई ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दगड हाये हे बाई." एरवी तिला चार शब्द सुनावल्याशिवाय मी सोडलं नसतं, माझ्या जिभेची गावात ख्याती होती. त्या दिवशी ते शब्द तोंडापर्यंत आलेच नाहीत. चैतात मोहफुलं वेचायला गेले, टोपल्या भरल्या, अंगणात वाळत घातल्या. हात सगळी कामं करत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते.

हे अठ्ठावन सालचं. आमचं गाव चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून. धानशेतीच्या सात बांध्या, एक बैलजोडी आणि प्रेमिला, एवढं माझ्याकडे उरलं होतं. गावात शाळा चौथीपर्यंत. प्रेमिला चौथी पास झाली आणि जेठात एका दुपारी टिकाराम गुरुजी घरी आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत, सरळ मुद्द्यावर आले.

"गोंदियाले मुलींची शाळा हाये, लागूनच बोर्डिंग. बाप नसलेल्या पोरींसाठी चार जागा ठेवतेत, खाणं-राहणं तिथंच. अर्ज वीस जूनच्या आत जावाले पायजे. पोरगी हुशार हाये रुख्माबाई, घरी बसवू नका."

बाप असता तर ती जागा तिला मिळाली नसती, हे गुरुजी बोलले नाहीत, पण मला तेवढं कळत होतं. आणि घरी बसवणं म्हणजे काय, तेही कळत होतं. जमुनाबाईच्या दिराचा मुलगा लग्नाचा झाला होता. तेरवीच्या जेवणातच ती दोनदा प्रेमिलाच्या उंचीबद्दल बोलली होती. मी एकटी, माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात मांडव पडणार हे ठरल्यासारखंच होतं. प्रेमिलाला अकरावं चालू होतं.

"काय काय लागते?" मी विचारलं.

"शाळेचा दाखला मी देतो. अन् जन्माची नक्कल लागन, ठाण्यातून. शाळेच्या रजिस्टरात मी अंदाजानं सेहेचाळीस सालचा जून टाकलो होतो, पोरगी उंच दिसली म्हणून. पर बोर्डिंगवाल्याईले अंदाज चालत नाही. मुंबई राज्यात गेलो तवापासून फारमही नवे आले, सतरा गोष्टी इचारतेत."

"नक्कल भेटत नाही," मी म्हटलं.

"काऊन?"

"हे पोरगी लिहिलीच नाही."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. त्यांना सगळं सांगावं लागलं. तेव्हा गावात जन्ममरणाची वही कोतवालाकडे असायची. कुणाकडे मूल झालं की सुकराम कोतवाल दारात यायचा, बापाचं नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढं लिहून घ्यायचा आणि आठवड्याच्या दिवशी ठाण्यात जाऊन कळवायचा. मुलाचं नाव वहीत जात नसे, बारसंच झालेलं नसायचं. माझे पहिले दोन मुलगे त्यानं असेच लिहिले. दोघेही महिन्याच्या आत गेले. तिसरी गीता. तीही लिहिली. ती सव्वा वर्ष राहिली आणि गोवरात गेली. चौथ्या वेळी माझी सासू दार लावून बसली. तिचं म्हणणं एकच होतं, वहीत लिहिलं की यमाले पत्ता भेटते. सुकराम आला तेव्हा तिनं दाराआडूनच सांगितलं, अजून दिवस आहेत. आत प्रेमिला रडत होती. सुकरामानं ते ऐकलं, वही बगलेत धरली आणि गेला. पुन्हा आला नाही. माझाही सासूच्या म्हणण्यावर पूर्ण विश्वास होता, खोटं कशाला बोलू. आणि पोरगी जगली की.

"तरी सुकरामले एकदा पुसून पाहा," गुरुजी उठता उठता म्हणाले. "मनानं त्यानं लिहून ठेवली असन तर."

मी सुकरामला सांगितलं. तो त्या आठवड्याला ठाण्यात गेला आणि परतताना उन्हाचा माझ्या दारात आला. पागोट्याच्या घडीतून त्यानं एक कागद काढला आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. कागदावर शिक्का होता.

"भेटली नक्कल. बाप बकाराम, मुलगी, अकरा डिसेंबर पंचेचाळीस," तो म्हणाला. "पर वयनी, हे प्रेमिला नोहोय. हे गीता हाये. प्रेमिलाची नोंद नाही तं नाहीच."

"गीताची नक्कल घेऊन मी काय करू सुकरामभाऊ? तिची मयतही तूच लिहिला."

सुकरामानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मी नाही लिहलो."

"प्रेमिलाचे बाबा तं मले म्हणाले होते, लिहून आलो म्हणून."

"बकाराम आलता त्या दिशी. वट्यावर बसला. मी वही काहाडलो. तो म्हणे, पानी दे. पानी पेला अन् गेला. दुसऱ्या दिशी आला, तसाच बसला, तसाच गेला. तिसऱ्या दिशी मीच वही काहाडलो नाही. तो सांगला नाही, मी लिहलो नाही." मग तो म्हणाला, "माही नोकरी गेली असती वयनी. पर नाही झालं माह्याच्यानं."

त्यानंतर अकरा वर्षं प्रेमिलाचा बाप माझ्या शेजारी झोपला, माझ्या हातचं जेवला, आणि एवढी गोष्ट त्यानं मला सांगितली नाही. गीता गेली त्या चैतात तो मला म्हणाला होता, "लिहून आलो, आता झालं," आणि मग बांधावर काटे घालायला गेला. मी तेव्हा त्याला मनातल्या मनात दगड म्हटलं होतं. आता मला राग यायला हवा होता किंवा दुसरं काहीतरी. मी आत जाऊन पाहिलं, म्हणजे आपण आपल्या आत बघतो तसं. तिथं काहीच हललं नव्हतं. सुकरामला गूळपाणी दिलं आणि कागद कोठीत ठेवला.

गुरुजींनी तो वाचला. साल त्यांच्या अंदाजाच्या जवळच होतं, सहा महिन्यांचा काय तो फरक. तरी म्हणाले, "हे माह्या डोक्याच्या बाहेरचं हाये. गोंदियाले कचेरीपाशी श्यामलाल अर्जनवीस बसते, त्याचा सल्ला घ्या. माणूस सरळ हाये. मी चिठ्ठी देतो."

आम्ही दोघी बैलगाडीनं चिचगडला, तिथून मोटारीनं आमगावला आणि आमगावहून रेल्वेनं गोंदियाला गेलो. प्रेमिला पहिल्यांदाच रेल्वेत बसली होती. खिडकीतून बघत होती, मध्येच माझ्याकडे बघत होती. बापामागे ती दोन दिवस रडली आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाली. त्याबद्दल मला अपराधी वाटायला हवं होतं, तेही वाटत नव्हतं.

श्यामलाल कचेरीसमोर कडुनिंबाखाली पत्र्याची पेटी पुढ्यात घेऊन बसला होता. साठीचा, कानामागे टाक, पान खाऊन रंगलेले दात. त्यानं चिठ्ठी वाचली, नक्कल वाचली, दाखला वाचला, मग प्रेमिलाकडे पाहिलं.

"अच्छा. तो हे बच्ची म्हणजे अकरा डिसेंबरवाली?"

"नाही," मी म्हटलं. "ते मेली. हे तिच्या पाठची, सुराज आलं, झेंडे लागले त्या सालची. तवा हे पोटात होती."

"मरी तो उसका दाखला?"

"लिहिलंच नाही. हिच्या बापानं सांगितलं नाही."

"और ये?"

"हेही लिहिली नाही."

श्यामलालनं कागद पेटीवर ठेवला आणि त्यावर दऊत ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. "देखो बाई," तो म्हणाला, "मी चाळीस साल हे काम करतो. लोक गलत तारीख घेऊन येतात, गलत नाव घेऊन येतात. तुमच्याकडे जी मेली ती सरकारात जिंदा आहे आणि जी समोर उभी आहे ती पैदाच झाली नाही. दोन रास्ते आहेत. एक, मॅजिस्ट्रेटसमोर हलफनामा. गवाह आणा, गुरुजी आणा, कोतवाल आणा. कोतवालाला विचारतील, तू का नाही लिहिलं. त्याची नोकरी जाईल. और तारीख पंधरा-बीस दिन के बाद. जागा तोपर्यंत गेली."

त्या दिवशी सोळा जून होता. "दुसरा?" मी विचारलं.

"दुसरा हा." त्यानं दऊत उचलली. "इसमें नाव लिहिलंच नाही. बकाराम, मुलगी, इतकंच आहे. बकारामची मुलगी ही पण आहे. साल दाखल्याशी जवळ आहे, साल-महिना गुरुजी दुरुस्त करतील. मी अर्जात नाव घालतो. कोणाचं नुकसान नाही."

तो पुढं म्हणाला, "लेकिन एक बात पक्की ठेवा. बोर्डिंगमधे विचारतील, पचास बातें विचारतील. तुमच्यासाठी आता लडकी एकच. अकरा डिसेंबरची. तिचं बचपन ते हिचं बचपन. दोघींची खिचडी केली की पकडले जाल. दुसरी कोण असं कोणी विचारलंच, तर दुसरी नव्हतीच."

"कोणती नव्हती?" मी विचारलं.

मी भांडायला विचारलं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं, की मी कोणतीला नव्हती म्हणायचं आहे. श्यामलालनं टाक कानामागून काढला होता तो तसाच हातात धरून ठेवला. म्हणाला, "वो मैं कैसे बताऊं बाई. ते तुम्ही ठरवा."

मग त्यानं अर्ज लिहिला. मी अंगठा उमटवला. प्रेमिला शेजारी उभी होती, सगळं ऐकत होती. गीताबद्दल तिला आधीपासून माहीत होतं, घरात एक पितळी वाटी होती तिला सगळे गीताची वाटी म्हणायचे. तिनं नक्कल हातात घेऊन वाचली आणि श्यामलालला परत केली. रस्त्यानं जाताना ती ओठ हलवत होती. विचारलं तर म्हणाली, "तारीख पाठ करून राहिली, माय." तिला मी काही म्हणायला हवं होतं. तिची वेणी नीट केली आणि चालत राहिले.

बोर्डिंगच्या बाई सुशीलाबाई नागपूरकडच्या होत्या. चष्मा, पांढरं लुगडं, बोलणं स्वच्छ आणि घाईचं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. त्यांनी अर्ज वाचला, नक्कल रजिस्टरात टाचली आणि प्रेमिलाला विचारलं, "जन्मतारीख सांग."

"अकरा डिसेंबर एकोणीसशे पंचेचाळीस," प्रेमिला म्हणाली. जराही अडखळली नाही.

"भावंडं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. "दोन भाऊ होते, ते गेले," मी म्हटलं. "हे एकच पोरगी." बोलले आणि बाईंनी ते लिहून घेतलं. काही झालं नाही. छत पडलं नाही, मलाही काही झालं नाही. मला वाटलं, जमुनाबाई म्हणते ते खरं असावं.

"देवी काढल्यात?"

प्रेमिलानं दंड पुढे केला. बाईंनी व्रण पाहिले. मग नव्या फारमवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "गोवर येऊन गेलाय का हिला?"

प्रेमिलाला गोवर कधी आला नव्हता. गीतानंतर सासूनं घरात तो शब्दही काढू दिला नाही. गावात कुठं गोवर निघाला की प्रेमिलाला दुसऱ्या गावी धाडायचे. हे प्रेमिलाला चांगलं माहीत होतं. ती सांगायला लागली, "मले तं बाई..."

"नीट आठवून सांगा," बाई म्हणाल्या. "गेल्या साली एका मुलीला झाला आणि तेरा जणींना लागला. महिनाभर बोर्डिंग बंद ठेवावं लागलं. ज्यांना होऊन गेला नाही अशा मुली यंदा आम्ही घेतच नाही. जागा एकच राहिलीय, उगाच मागाहून घोटाळा नको."

प्रेमिला बोलायची थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. बाई टाक शाईत बुडवून थांबल्या होत्या.

"झाला होता," मी म्हटलं.

"कधी?"

"सव्वा वर्षाची होती. चैत महिना. आधी डोळे लाल झाले, मग कानामागून निघाला अन् अंगभर पसरला. सात दिवस मी तिले मांडीवरून खाली ठेवली नाही. दूध नाही पेली. बोटानं पानी देत होती मी. कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवायची तर तिले टोचायचा, म्हणून माह्या लुगड्याच्या घड्या करून घातल्या. सातव्या दिशी पुरळ मावळला. अंग थंड झालं. मी हिच्या बापाले म्हटलं, पाहा, ताप उतरला."

एवढं मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. प्रेमिलाच्या बापाला तर नाहीच, तो तिथंच होता. बाईंना एवढं नको होतं, पण त्या ऐकत होत्या. मी सांगायची थांबले, कारण पुढं काय झालं ते मला सांगता येणार नव्हतं. सल्ला तसाच होता. शिवाय मुलगी समोर उभी होती, उंच, तेल लावलेल्या दोन वेण्या घातलेली.

"त्यानंतर काही त्रास? डोळ्यांना, कानांना?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली आणि फारमवर लिहिलं. फार नाही, एकच ओळ. त्यांनी टीपकागद दाबला. मी त्या ओळीकडे बघत होते. मला अक्षरं येत नव्हती.

"बाई, काय लिहिलं?"

"अहो, तुम्ही सांगितलंत तेच."

"वाचून दाखवा ना."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण फारम उलटा करून प्रेमिलापुढे सरकवला. "वाच गं आईला. तेवढीच तुझी परीक्षा."

प्रेमिलानं ओळीखाली बोट ठेवलं आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "गोवर, वय सव्वा वर्ष. पूर्ण बरी झाली."

"अजून एकदा वाच," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि सावकाश वाचलं. "गोवर, वय सव्वा वर्ष. पूर्ण बरी झाली."

मग मला रडू आलं. असं आलं की खुर्चीचा हात धरावा लागला. बाई उठून पाण्याचा पेला घेऊन आल्या. म्हणाल्या, सगळ्या आया इथं अशाच रडतात, मुलगी आठ दिवसांत रुळेल, महिन्यातून एका रविवारी भेटायला या. जागा तिला मिळाली आहे, आता काळजी नको. मी मान हलवत होते आणि रडत होते. गीतासाठी रडत होते, आणि वट्यावर बसून, पाणी पिऊन परत येणाऱ्या त्या माणसासाठी.

प्रेमिला माझ्या खुर्चीशी आली. बाईंना म्हणाली, "बाई, तिले थोडा वेळ बसू द्या." फारम अजून तिच्या हातातच होता. ती वाकली आणि कुणी न सांगता तिनं ती ओळ तिसऱ्यांदा वाचली, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.